टॅम्पा बे परिसरात वस्ती निवडताना: आधी पाणी, मग वारा

फ्लोरिडात नोकरी पक्की झाली की मराठी घरात पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: शाळा कशी आहे आणि ऑफिस किती मिनिटांवर आहे. टॅम्पा बे परिसरात या दोन्हींच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: इथे पाणी कुठून येऊ शकतं? छप्पर नवं घालता येतं, खिडक्या-दारं बदलता येतात. जमीन मात्र जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्याच उंचीवर राहणार. म्हणून वस्ती पाण्याकडे बघून ठरवावी आणि त्या वस्तीतलं घर वाऱ्याकडे बघून.

टॅम्पाचा उपसागर उथळ आहे. वाऱ्याने आत लोटलेल्या पाण्याला खोलात जायला जागा मिळत नाही, ते सरळ किनाऱ्यावर चढतं. उत्तर गोलार्धातली वादळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे वादळ उपसागराच्या कोणत्या बाजूने जातं यावर सगळं ठरतं. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळाचं केंद्र किनाऱ्यापासून शंभराहून अधिक मैल दूर समुद्रातून उत्तरेकडे गेलं, तरी दक्षिणेकडून वाहणाऱ्या वाऱ्याने उपसागरात नेहमीच्या भरतीपेक्षा सहा फुटांहून जास्त पाणी चढवलं. दोन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, मिल्टन वादळ दक्षिणेला सिएस्टा कीजवळ किनाऱ्यावर आलं. त्या वेळी टॅम्पात वारा जमिनीकडून समुद्राकडे होता आणि त्याने उपसागरातलं पाणी बाहेर ओढून नेलं. पण त्याच मिल्टनने सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त पाऊस पाडला, म्हणजे साडेचारशे मिलिमीटरच्या वर. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ ला पडलेल्या ९४४ मिलिमीटरच्या जवळपास निम्मा.

त्यामुळे घर दाखवताना कुणी म्हणालं, 'मिल्टनमध्ये इथे समुद्राचं पाणी आलंच नाही', तर ते खरं असू शकतं, पण त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. मोठ्या हरिकेनचा थेट तडाखा टॅम्पाला १९२१ नंतर बसलेला नाही. उपसागराच्या जरा उत्तरेला धडकणारं मोठं वादळ काय करेल, हे आजच्या बहुतेक वस्त्यांनी पाहिलेलंच नाही.

पत्ता हातात आला की दोन नकाशे उघडा. लोक इथेच घोटाळा करतात, कारण दोन्हीकडे अक्षरं असतात आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. पहिला नकाशा काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा), स्थलांतर विभागांचा. त्यात ए ते ई असे विभाग असतात आणि ते फक्त वादळी लाटेवरून, म्हणजे वाऱ्याने आत लोटलेल्या समुद्राच्या पाण्यावरून, आखलेले असतात: ए म्हणजे सगळ्यात आधी घर सोडायचं. दुसरा फेमाचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा, पूर-नकाशा. त्यात व्हीई म्हणजे लाटांचा मारा असलेला किनारा, एई म्हणजे दरवर्षी किमान एक टक्का पूरशक्यता, आणि एक्स म्हणजे त्याहून कमी. एखादं घर फेमाच्या एक्समध्ये असून स्थलांतराच्या ए किंवा बी विभागात असू शकतं. उलटही होतं: स्थलांतर विभागांच्या पूर्ण बाहेर, पण नदीकाठामुळे एईमध्ये. दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहून घ्या. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत तोच सुमारे २६ टक्के होतो.

एईमध्ये पूरपातळीचा एक आकडा दिलेला असतो. तो पाण्याची खोली सांगत नाही, ठरलेल्या संदर्भपातळीपासूनची उंची सांगतो. समजा पूरपातळी ९ फूट आहे, अंगण ५ फुटांवर आणि घराची फरशी साडेसहा फुटांवर. मग अंगणात चार फूट पाणी आणि हॉलमध्ये अडीच फूट, म्हणजे सोफा, फ्रिजची मोटर आणि भिंतीतले विजेचे पॉइंट गेले. फरशीची नेमकी उंची एलिव्हेशन सर्टिफिकेटमध्ये असते. विक्रेत्याकडे मागा, नसेल तर शहराच्या किंवा काउंटीच्या दप्तरात शोधा. तिथेही नसेल आणि घर एईमध्ये असेल, तर सर्व्हेअरकडून करून घ्या. शेजारच्या दोन घरांच्या फरशीत दीड-दोन फुटांचा फरक सहज असतो, म्हणून वस्तीच्या नावावर विसंबू नका.

पावसाचं पाणी हा वेगळा विषय आहे आणि फेमाच्या नकाशात तो जवळपास नसतोच. गटार तुंबून किंवा सखल भागात साचून येणारं पाणी तो नकाशा मोजत नाही. उत्तर टॅम्पातल्या फॉरेस्ट हिल्सचा परिसर समुद्रापासून चांगलाच आत आहे, पण तिथे बशीसारखा खोलगट भाग आहे, पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. मिल्टननंतर तिथे पंप लावून पाणी उपसावं लागलं. नव्या वसाहतींत घरांमागे जी तळी दिसतात, ती शोभेसाठी खणलेली नाहीत. रस्त्याचं आणि छपरांचं पाणी साठवायला आहेत. अशा तळ्याकाठच्या घराला बिल्डर जादा पैसे लावतो. घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी बघा: तळ्याच्या नेहमीच्या पाण्यापासून मागच्या दारापर्यंत चढ किती आहे, आणि पाणी बाहेर सोडणारी काँक्रीटची चौकट साफ आहे की पाला-गवताने बुजलेली. ती बुजली की तळं मागच्या अंगणात येतं. तिची साफसफाई कुणाकडे, एचओएकडे (घरमालकांची संघटना) की सीडीडीकडे (वसाहतीच्या सोयी सांभाळणारी स्थानिक सरकारी संस्था), हेही विचारा. सीडीडीचा आकार मालमत्ता कराच्या बिलात येतो आणि वर्षाला हजारो डॉलर असू शकतो.

घर बघायला सकाळी दहाला जाऊ नका. जून ते सप्टेंबर दुपारी धो-धो सरी येतात. अशी सर थांबल्यावर अर्ध्या तासाने वस्तीत चक्कर मारा. रस्त्याच्या कडेचं पाणी तोवर ओसरलेलं हवं. किनाऱ्याजवळची जागा असेल तर शरद ऋतूतल्या मोठ्या भरतीच्या दिवशी जा. सेंट पीटर्सबर्गच्या शोर एकर्समध्ये आभाळ निरभ्र असताना, केवळ भरतीने, गटाराच्या जाळीतून खारं पाणी रस्त्यावर येतं. शेजाऱ्यांना 'इथे पूर येतो का?' असं विचारलं तर 'नाही' हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: हेलीनमध्ये पाणी कोणत्या घरापर्यंत आलं होतं? मिल्टननंतर लाइट किती दिवसांनी आली? संडासातून पाणी उलटं आलं होतं का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण मैलापाणी पुढे ढकलणारे पंप विजेवर चालतात. वीज गेली आणि पंप थांबले की कोरड्या घरातही घाण पाणी वर येऊ शकतं.

आता भागांबद्दल. डेव्हिस आयलंड्स, दक्षिण टॅम्पाची किनारपट्टी, टाउन अँड कंट्रीचा उपसागराकडचा भाग, अपोलो बीचचे कालवे आणि पिनेलास काउंटीमधली समुद्राजवळची बेटं: ही सगळी सखल जमीन आहे. इथे राहायचंच असेल तर नव्या नियमांनी खांबांवर किंवा उंच जोत्यावर बांधलेलंच घर घ्या. जमिनीसपाट जुनं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. वेस्ली चॅपल आणि न्यू टॅम्पा समुद्रापासून आत आहेत, वादळी लाटेची चिंता तिथे जवळजवळ नाही. पण सायप्रस क्रीक आणि हिल्सबरो नदीच्या काठचे पट्टे वेगळे काढा. रिव्हरव्ह्यू आणि लिथियाकडे अलाफाया नदी आहे, आणि वादळ गेल्यावर दोन-तीन दिवसांनी, ऊन पडलेलं असताना तिचं पाणी चढतं. रस्तेही मोजा. न्यू टॅम्पाची बरीचशी वाहतूक ब्रूस बी. डाउन्स या एकाच मोठ्या रस्त्यावर येते. पिनेलास तर द्वीपकल्पच आहे. जोराचा वारा सुरू झाला की उपसागरावरचे पूल बंद करतात, म्हणून तिथे राहणाऱ्यांनी निघायचा निर्णय इतरांआधी घ्यायला हवा.

हेलीननंतर भिजलेली अनेक घरं दुरुस्त होऊन बाजारात आली. दुरुस्ती चांगली असेल तर वाईट काही नाही. लपवलेली असेल तर भिंतीत बुरशी असते. ओळखायच्या खुणा अशा: चार फूट उंचीवर भिंतीभर आडवा गेलेला सांधा (खालचं ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचा जिप्समचा पत्रा, कापून नवं बसवलेलं, तिरपा टॉर्च मारला की दिसतो), सगळ्या घराच्या स्कर्टिंग पट्ट्या कोऱ्या पण दरवाजांच्या चौकटी जुन्या, गॅरेजमधल्या वॉटर हीटरच्या पायाशी गंज, एसीच्या आतल्या युनिटखालच्या पत्र्यावर गाळाची रेघ. मग काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून परवाने बघा. एवढं काम झालंय आणि परवाना नाही, तर तिथेच थांबा. कारण ५० टक्क्यांचा नियम: पूरक्षेत्रातल्या इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च तिच्या बाजारमूल्याच्या (जमीन सोडून) निम्म्यापर्यंत गेला, तर ती आजच्या नियमांप्रमाणे उंच करावी लागते. तो खर्च चुकवायला कुणी विनापरवाना काम केलं असेल, तर नियम मोडल्याची जबाबदारी नव्या मालकाच्या गळ्यात येते. १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्लोरिडात विक्रेत्याला पूरविम्याचा दावा केला होता का आणि पुरासाठी केंद्र सरकारची मदत घेतली होती का, हे लेखी सांगावं लागतं. तो फॉर्म करारावर सही करण्याआधी वाचा.

पाण्याच्या परीक्षेत वस्ती पास झाली की घराकडे वळा. १९९२ च्या अँड्र्यू वादळातून धडा घेऊन केलेली राज्यव्यापी बांधकाम संहिता १ मार्च २००२ पासून लागू झाली. त्यानंतरचा परवाना असलेलं घर ही चांगली सुरुवात. चारही बाजूंनी उतरतं छप्पर दोन बाजूंच्या तिकोनी भिंतीच्या छपरापेक्षा वाऱ्याला चांगलं तोंड देतं. मग घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरसोबत माळ्यावर चढा आणि छपराचा सांगाडा भिंतीला जिथे टेकतो तिथे टॉर्च मारा. नुसते तिरके खिळे दिसले तर सगळ्यात कच्चं काम. लोखंडी पट्टी एकाच बाजूला ठोकलेली असेल तर ती क्लिप. पट्टी लाकडावरून वळून पलीकडे जाऊन तिथेही खिळा मारलेला असेल तर तो रॅप, आणि तो हवा. या एका तपशिलाने छपराचं टिकणं आणि विम्याचा हप्ता दोन्ही बदलतात. गॅरेजचं दार हे घराचं सगळ्यात मोठं भोक आहे. ते आत वाकलं की वारा आत शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. दाराच्या आतल्या बाजूला वाऱ्याच्या दाबाचं लेबल शोधा. ते नसेल तर दार बदलायचा खर्च घराच्या किमतीत धरा. खिडक्यांना इम्पॅक्ट काच (उडत्या वस्तूंचा मारा सोसणारी) किंवा शटर हवीत. शटर गॅरेजमध्ये रचलेली असतील तर प्रत्येक खिडकीचा संच आणि बोल्ट मोजून घ्या. स्विमिंग पूल झाकणारी जाळीची चौकट पहिल्याच मोठ्या वाऱ्यात जाऊ शकते, आणि बऱ्याच पॉलिसींत तिला संरक्षण नसतं किंवा अगदी थोडं असतं.

विम्याच्या हप्त्यांचे अंदाज (कोट) घराला ऑफर देण्याआधी मागवा, निदान घराच्या तपासणीची मुदत संपायच्या आत तरी. घराच्या साध्या पॉलिसीत पूर नसतो. त्यासाठी एनएफआयपी या सरकारी पूरविमा योजनेची किंवा खासगी पॉलिसी वेगळी. एनएफआयपीमध्ये घरासाठी कमाल अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख मिळतात, आणि पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस लागतात. कर्जासोबत क्लोजिंगलाच (घराचा व्यवहार पूर्ण होतो त्या वेळी) घेतली तर ही वाट पाहावी लागत नाही. विक्रेत्याकडे एनएफआयपीची चालू पॉलिसी असेल तर ती आपल्या नावावर करून घेता येते का ते आधी विचारा, त्याचा सवलतीचा दर पुढे चालू राहू शकतो. एक्समध्ये बँक सहसा पूरविमा मागत नाही. तरी घ्या, तिथे तो परवडतो. हरिकेनचा डिडक्टिबल (नुकसानीतला आधी आपण भरायचा वाटा) टक्क्यांत असतो, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. चार लाखांच्या संरक्षणावर दोन टक्के म्हणजे आठ हजार आणि पाच टक्के म्हणजे वीस हजार डॉलर आधी तुमच्या खिशातून. तेवढी रक्कम बाजूला असेल तरच पाच टक्क्यांची स्वस्त पॉलिसी घ्या.

भाड्याने राहणार असाल तर निवड सोपी आहे: दुसऱ्या मजल्याचं किंवा वरचं अपार्टमेंट, स्थलांतर विभागांच्या बाहेर. घरमालकाचा विमा तुमच्या सामानाला लागू नसतो. भाडेकरूलाही फक्त सामानाचा पूरविमा मिळतो. गाडीसाठी काँप्रिहेन्सिव्ह (पुरासारखं नुकसान धरणारं विमासंरक्षण) लागतं, आणि पार्किंग सखल असेल तर गाडी कुठल्या उंच जागी नेऊन ठेवायची ते आधीच ठरवा. इलेक्ट्रिक गाडी खाऱ्या पाण्यात भिजली की नंतर पेट घेऊ शकते, ती घराला चिकटून ठेवू नका.

वेळही बघा. मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, भर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. नाव मिळालेलं वादळ जवळ आलं की विमा कंपन्या नव्या पॉलिसी देणं थांबवतात. पॉलिसी नाही तर बँक कर्ज सोडत नाही, क्लोजिंग पुढे जातं, आणि जुन्या जागेची लीज संपलेली असली तर सामान ट्रकमध्ये अडकतं. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये क्लोजिंग असेल तर तपासणीचा अहवाल हातात येताच पॉलिसी पक्की करून घ्या, करारात वादळामुळे मुदत वाढवून देणारं कलम आहे ना ते बघा, आणि जुन्या जागेची लीज दोन आठवडे जास्त ठेवा.