पुस्तकांची मांडणी शिकताय? मग सॉफ्टवेअरच्या वर्गणीबद्दल थोडं

पुस्तकांची पानं संगणकावर लावायच्या, म्हणजे मांडणीच्या, कामात नव्यानं येणारी मुलं हल्ली पहिल्याच भेटीत विचारतात, सॉफ्टवेअरचे दर महिन्याला पैसे भरायचे, की एकदाच विकत मिळेल असं काही शोधायचं? पुण्यात मी बरीच वर्षं हेच काम करतोय, आणि मी आधी त्यांनाच एक विचारतो. पाच वर्षांनी लेखकाचा फोन आला, "दुसरी आवृत्ती काढायचीय, दोन प्रकरणं वाढवलीत, फाइल आहे ना?" तर त्या दिवशी ती फाइल तुमच्याकडे उघडेल का?

२०१२ साली अ‍ॅडोबीचं सीएस६ (मांडणी, चित्रं अशा कामांच्या प्रोग्रॅमची मालिका) आलं, तेव्हा हा प्रश्न फारसा कुणाला पडत नव्हता. एकदा घेतलं की ते तुमचं. त्यातल्या इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट बसवायची सोयही त्याच आवृत्तीत आली, म्हणून मराठी काम करणाऱ्यांना तिचं मोल जास्त. अमेरिकेत त्याच्या, इनडिझाइन असलेल्या, डिझाइन स्टँडर्ड संचाची किंमत १,२९९ डॉलर होती. मे २०१३ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की नव्या आवृत्त्या यापुढे फक्त क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवर मिळतील. सगळ्या प्रोग्रॅमचे मिळून तेव्हा महिन्याला सुमारे ५० डॉलर. म्हणजे त्या दरानं २६ महिन्यांत संचाइतके पैसे जायचे, आणि भरणं थांबलं की इनडिझाइनही थांबतं.

तरी नवख्या माणसाला वर्गणीचा फायदा आहेच. एवढी रक्कम एकदम कुठून आणायची? आपल्याकडे कितीतरी दुकानं क्रॅक केलेल्या प्रतींवर चालली ती यामुळेच. आज महिन्याच्या कमाईतून महिन्याचे पैसे भरून सरळमार्गानं सुरुवात करता येते, याचं मला मनापासून समाधान आहे. फक्त योजना घेताना बारीक अक्षरं वाचा. "वार्षिक, दरमहा भरणा" हा वर्षाचा करार असतो. तो मध्येच सोडला तर शुल्क लागू शकतं. हे शुल्क ग्राहकांना नीट दिसू दिलं नाही, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर दावा लावला. तुमचं काम दिवाळी अंकांच्या मोसमापुरतंच असेल, तर दर जास्त पडला तरी कुठल्याही महिन्यात सोडता येईल अशीच योजना घ्या.

आता फाइलीचं. इनडिझाइनची मूळ फाइल इतर प्रोग्रॅम सहसा उघडत नाहीत. पुस्तक छापायला गेलं, की त्याच दिवशी फाइल मेनूतलं "पॅकेज" चालवा; पुस्तकाची फाइल, फॉन्ट, चित्रं एका फोल्डरमध्ये जमा होतात. त्या खिडकीत फॉन्ट आणि चित्रांच्या चौकटींबरोबर आयडीएमएल (देवाणघेवाणीसाठीची फाइल) आणि पीडीएफ यांच्याही चौकटी असतात. त्या दोन्हींत खूण करा. आयडीएमएल इनडिझाइनच्या जुन्या आवृत्तीत उघडते, स्क्रायबस आणि अ‍ॅफिनिटी या मांडणीच्याच दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही उघडते. ओळी थोड्या सरकतात, पण मजकूर, शैली, पानांची रचना हाती राहते. पुस्तक पुन्हा टाइप करायची वेळ येत नाही.

एक गोष्ट मात्र पॅकेजमध्ये येत नाही: वर्गणीबरोबर मिळणारे अ‍ॅडोबी फॉन्ट्स. म्हणून पुस्तकाचा मुख्य मजकूर मुक्त परवान्याच्या (फुकट वापरता येणाऱ्या) फॉन्टमध्येच लावा. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा "मुक्ता" आहे, आणि "तिरो देवनागरी मराठी" तर आहेच. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात; शाळेपासून तेच गिरवलेल्या वाचकाला पानभर हिंदी वळणाचा ल का द्यायचा?

वर्गणी नकोच असेल तर स्क्रायबस फुकट आहे आणि देवनागरी जोडाक्षरं हाताळतं. अ‍ॅफिनिटी पूर्वी एकरकमी विकत मिळायचं. २०२४ मध्ये कॅनव्हानं ती कंपनी घेतली आणि २०२५ मध्ये प्रोग्रॅम फुकट केला. पण कुठलंही निवडण्याआधी एक पान लावून बघा. त्यात "दुसऱ्या", "तऱ्हा", "राष्ट्र", "मूर्तींना" हे शब्द असू द्या. ऱ्या तुटला किंवा अनुस्वार वेलांटीवर चढला, तर त्यात पुस्तक हाती घेऊ नका.

आणि वर्गणी घेतलीच, तर वर्षाच्या रकमेला वर्षभरात लावता त्या पानांनी भागा. येईल तो आकडा पानाच्या दरात धरा, आणि प्रकाशकाला दर सांगताना तोही सांगा.