दडी मारणारी किड अँटिबॉडी: ब्लड बँकेत या चुका टाळा

एबीओ जुळलं, आरएच जुळलं, क्रॉसमॅच (दात्याचं आणि पेशंटचं रक्त मिसळून केलेली तपासणी) कम्पॅटिबल आला, पिशवी चढली. आठवड्याभरात पेशंटचे डोळे पिवळे, लघवी गडद लाल आणि हिमोग्लोबिन रक्त देण्याआधी होतं त्याहूनही खाली. वॉर्डात आधी मलेरिया आठवतो, नाहीतर एखादं औषध. ब्लड बँकेतल्या माणसाला मात्र किड आठवायला हवं.

किड ही रक्तगटप्रणाली 1951 मध्ये बोस्टनला सापडली. जेके-ए आणि जेके-बी हे तिचे दोन मुख्य अँटिजेन, म्हणजे तांबड्या पेशीवरच्या खुणा; ज्याच्याकडे खूण नाही त्याचं शरीर तिच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवू शकतं. तांबड्या पेशीतून युरियाची ने-आण करणाऱ्या प्रथिनावर ते असतात. 'मायनर' म्हणून यांच्याकडे दुर्लक्ष होतं, पण उशिरा होणाऱ्या हिमोलिटिक (दिलेल्या तांबड्या पेशी फोडणाऱ्या) रिअॅक्शनमध्ये किडचं नाव हमखास येतं.

आजच्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. किड अँटिबॉडी तयार होते आणि काही महिन्यांत इतकी उतरते, की स्क्रीनही (अँटिबॉडी शोधणारी प्राथमिक चाचणी) निगेटिव्ह येतो आणि क्रॉसमॅचही. शरीर मात्र तिला विसरलेलं नसतं. तोच अँटिजेन असलेलं रक्त पुन्हा गेलं की काही दिवसांत ती उसळून येते, कॉम्प्लिमेंटलाही (रक्तातल्या पेशी फोडणाऱ्या प्रथिनांना) कामाला लावते आणि दिलेल्या पेशी फोडते. म्हणून एकदा जेके-ए अँटिबॉडी नोंदली गेली की त्या पेशंटला आयुष्यभर जेके-ए निगेटिव्ह रक्तच द्यायचं. 'आता निगेटिव्ह आहे' म्हणून जुनी नोंद खोडायची नाही.

आपल्याकडे खरी अडचण नोंदीचीच. गडचिरोलीचा सिकलसेलचा पेशंट एकदा तालुक्याला रक्त घेतो, एकदा नागपूरला. फाइल एकीकडे, पेशंट दुसरीकडे. शिवाय रिअॅक्शनमुळे अंग दुखलं तरी ते सिकलचं क्रायसिस समजलं जातं आणि हिमोग्लोबिन पडलं म्हणून तशीच आणखी एक पिशवी लावली जाते. नातेवाइकांना "पूर्वी रक्त दिलंय का?" एवढंच विचारून भागत नाही. "कुठे कुठे दिलं, नंतर कावीळ झाली होती का, काही कार्ड दिलं होतं का?" असं खोदून विचारा. सापडलेली अँटिबॉडी कार्डावर लिहून पेशंटच्या हातात द्या. फक्त आपल्या रजिस्टरमध्ये ठेवून उपयोग नाही.

पॅनेलमध्ये 'नॉन-स्पेसिफिक' लिहून मोकळं होणं

अँटिजेन माहीत असलेल्या अकरा सेलच्या पॅनेलमध्ये दोन-तीन सेल वन प्लस (कमजोर पॉझिटिव्ह), बाकीचे जेके-ए पॉझिटिव्ह सेल गप्प. अशा वेळी अँटिग्राम (कोणत्या सेलवर कोणते अँटिजेन आहेत तो तक्ता) पुन्हा नीट वाचा. लागलेले सेल जेके-ए पॉझिटिव्ह, जेके-बी निगेटिव्ह, म्हणजे दुहेरी मात्रेचे (दोन्ही जनुकं जेके-एचीच असलेले) आहेत का? किड डोसेज दाखवते, म्हणजे दुहेरी मात्रेच्या सेलवर जास्त जोराने लागते. एकेरी मात्रेच्या सेलवर ती सुटून जाते. त्यामुळे रूल-आउटही (ही अँटिबॉडी नाही असं ठरवणंही) दुहेरी मात्रेच्या सेलवरच करावं. पपेन किंवा फिसिन ही एन्झाइम लावून पॅनेल पुन्हा केलं तर किड जोर धरते आणि डफी (दुसऱ्या एका रक्तगटप्रणालीची अँटिबॉडी) मावळते, त्यामुळे दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. तरी शंका राहिलीच तर ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या प्लाझ्माऐवजी ताजं सिरम आणि पॉलिस्पेसिफिक कूम्ब्स (अँटिबॉडी आणि कॉम्प्लिमेंट दोन्ही पकडणारं रसायन) वापरून बघा, कारण काही किड अँटिबॉडी कॉम्प्लिमेंटमुळेच दिसतात आणि ईडीटीए तो अडवून धरतो.

डीएटी (तांबड्या पेशींना अँटिबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट चिकटलंय का ते बघणारी चाचणी) निगेटिव्ह आली म्हणूनही रिअॅक्शन नाकारू नका. दिलेल्या पेशी आधीच फुटून गेल्या असतील तर चिकटायला उरणार काय? डीएटी कमजोर किंवा मिक्स्ड-फील्ड (काही पेशी चिकटलेल्या, काही सुट्या) असेल तर एल्यूट (पेशींना चिकटलेली अँटिबॉडी सोडवून तपासणं) कराच. अँटिबॉडी कधीकधी सिरमऐवजी तिथेच सापडते. रक्त दिल्यानंतर पेशंटचं किड टायपिंग करणं मात्र फुकट. डोनरच्या पेशी मिसळलेल्या असतात. आधीचं सॅम्पल शोधा, नाहीतर जीनोटायपिंग (डीएनएवरून रक्तगट ठरवणं).

पिशवी मिळण्याची धास्ती नको. युरोपीय वंशाच्या लोकांत जवळपास चौथा हिस्सा जेके-ए निगेटिव्ह असतो, आपल्याकडेही असे दाते दुर्मिळ नाहीत. चार-सहा पिशव्या तपासल्या की बहुतेक वेळा काम होतं.

दोन्ही अँटिजेन नसलेले लोक मात्र खरोखर दुर्मिळ. पॉलिनेशिया आणि फिनलंडमध्ये ते त्यातल्या त्यात जास्त. 1982 मध्ये एका सामोअन पेशंटच्या तांबड्या पेशी प्लेटलेट मोजणाऱ्या यंत्रातल्या युरियात फुटेनात, तेव्हा ही गंमत कळली. दोन मोलर युरियात साध्या पेशी मिनिटाभरात फुटतात, यांच्या टिकतात. असे दाते हुडकायला ही स्वस्त चाचणी आहे. पॅनेलचे सगळे सेल पॉझिटिव्ह आणि ऑटो-कंट्रोल (पेशंटचं सिरम त्याच्याच पेशींशी लावून केलेली तपासणी) निगेटिव्ह असेल, तर शक्यतांच्या यादीत हेही धरा आणि दाता शोधताना सख्ख्या भावंडांपासून सुरुवात करा.