आवडता होम्स ठरवायचा कसा? पडद्यावरच्या अवतारांची तुलना करण्याची रीत

आर्थर कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्स या गुप्तहेराचे पडद्यावरचे अवतार ताडून पाहायचे असतील तर अख्ख्या मालिका शेजारी-शेजारी ठेवू नका. बॅसिल रॅथबोनचे १९३९ ते १९४६ मधले १४ चित्रपट, जेरेमी ब्रेटचे १९८४ ते १९९४ मधले ४१ भाग आणि बेनेडिक्ट कंबरबॅचचे १३ भाग अशी गोळाबेरीज केली की तुलना नटांची न राहता पटकथांची होते. कथा एकच घ्या आणि ती आधी मुळातून वाचा.

सुरुवातीला ‘द स्पेकल्ड बँड’ उत्तम. लघुकथा आहे, एका बैठकीत वाचून होते. ब्रेटने ती १९८४ मध्ये केली आणि वासिली लिवानोवच्या सोव्हिएत मालिकेत ती १९७९ च्या पहिल्याच भागात आहे. वाचताना दोन जागांवर खूण करा. पहिली, हेलन स्टोनर ही अशील येते ती. ती थरथरते आहे हे पाहून होम्स आधी तिला शेकोटीजवळ बसवतो, धीर देतो, आणि मग तिच्या डाव्या बाहीवरचे चिखलाचे सात शिंतोडे आणि हातमोज्यातलं परतीचं तिकीट यांवरून ती कशी आली ते सांगतो. हा क्रम महत्त्वाचा: आधी माणूस, मग तर्क. दुसरी जागा, हेलनचा सावत्र बाप डॉ. रॉयलट शेकोटीची पोलादी सळई वाकवून निघून जातो आणि होम्स ती सरळ करतो. इथे नट ताकद मिरवतो की गंमत म्हणून ती सळई सरळ करतो, तेवढंच बघा.

पहिल्यांदा बघताना काहीही टिपू नका. दुसऱ्यांदा फक्त खुणेच्या जागा लावा आणि अशील बोलत असताना नजर होम्सच्या चेहऱ्यावर ठेवा. ऐकणारा होम्स बोलणाऱ्या होम्सपेक्षा करायला अवघड असतो. ब्रेटचं मोठेपण इथे कळतं. डोळे मिटलेले असतानाही तो ऐकतोय हे दिसतं.

आधुनिक रूपांतराला हा मापदंड जसाच्या तसा लावला तर अन्याय होतो. तिथे मूळ प्रसंगाचं काय झालं ते शोधावं लागतं. ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबरीत होम्सचा मित्र डॉ. वॉटसन याच्या घड्याळाच्या किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे पाहून होम्स त्याच्या भावाचं दारूचं व्यसन ओळखतो. कंबरबॅचच्या २०१० च्या ‘शेरलॉक’ मालिकेत घड्याळाची जागा मोबाइल घेतो आणि ओरखडे चार्जिंगच्या भोकाभोवती येतात. हा बदल सगळ्यांच्या लक्षात येतो, खरा बदल मात्र पुढे आहे. कादंबरीत वॉटसन दुखावतो आणि होम्स मनापासून माफी मागतो. मालिकेत वॉटसन थक्क होऊन दाद देतो, शेरलॉकला त्या दादेचंच आश्चर्य वाटतं, आणि शिवाय ‘भाऊ’ हा निष्कर्ष चुकलेला निघतो, कारण ती बहीण असते. म्हणजे चूक समजून माफी मागणाऱ्या माणसाच्या जागी कौतुकाची सवय नसलेला एकाकी तरुण आला. कंबरबॅचचा होम्स पसंत आहे की नाही, याचा निकाल मला वाटतं याच प्रसंगात लागतो.

यानंतर ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ घ्या, पण होम्ससाठी नव्हे. सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला वॉटसनला निरोप दिल्यापासून अकराव्याच्या शेवटापर्यंत होम्स समोर येतच नाही, त्यामुळे ही कथा वॉटसनची परीक्षा आहे. रॅथबोनच्या १९३९ च्या चित्रपटात नायजेल ब्रूसचा वॉटसन विनोदाकडे झुकतो आणि मधला भाग सैल पडतो. १९५९ मध्ये होम्स झालेल्या पीटर कुशिंगसोबतचा आंद्रे मोरेल शहाणा, भारदस्त आहे. सोव्हिएत मालिकेतला १९८१ चा विताली सोलोमिन या सगळ्यांत सरस: तापट, प्रामाणिक, मित्रावर जीव असलेला. कंबरबॅचच्या २०१२ च्या रूपांतरात शेरलॉक स्वतःच डार्टमूरला, म्हणजे कथा घडते तिथे, जातो, म्हणून त्याला या कसोटीतून वगळा.

तुलना फसते ती बहुतेक वेळा प्रतीमुळे. लिवानोवचा घोगरा आवाज हा त्याच्या होम्सचा अर्धा प्राण आहे, त्यामुळे डब केलेली प्रत टाळा आणि सबटायटल्ससह बघा. रॅथबोनचे चित्रपट मूळ कृष्णधवल रूपातच पाहा. नंतर रंगवलेल्या प्रतींमध्ये त्याच्या चेहऱ्यावरचा छायाप्रकाश सपाट होतो.

टोपी आणि पाइपला गुण देऊ नका. ती शिकारी टोपी मूळ कथांसोबतच्या सिडनी पॅजेटच्या चित्रांमुळे रुजली, आणि ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे अख्खं वाक्य डॉयलच्या ६० कथा-कादंबऱ्यांत कुठेच नाही.

ब्रेटचे भाग निवडताना १९८४ ते १९८८ या काळातले घ्या. पुढे आजारपणाने त्याची हालचाल जड झाली, आणि १९९४ च्या ‘द मॅझरिन स्टोन’मध्ये तर तपासाची बाजू होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट याच्याकडे द्यावी लागली. आणि तुमचा लहानपणापासूनचा लाडका होम्स जो असेल, तो सगळ्यांत शेवटी लावा. आधी लावलात तर बाकीचे सगळे त्याची नक्कल वाटू लागतात.