"बापावर गेलाय" म्हणून सोडू नका, मारकुट्या पोराला असं सांभाळा

गावात कुणाच्या पोट्ट्यानं दुसऱ्याचं डोकं फोडलं की हातपंपावर पहिलं वाक्य हेच येते, "रगतच तसं हाय बाप्पा." मी यवतमाळकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे ऐकून ऐकून जीव तुटतो म्हणून लिहायला बसले. असं लेकरू ज्यांच्या हाताखाली आहे त्या आजी, माय, मास्तर, अंगणवाडीताई यांच्यासाठी.

आधी रक्ताचं समजून घ्या. रक्तात काहीच नसतं असं नाही, काही लेकरं जन्मतःच लवकर भडकणारी, कशालाच न भिणारी असतात आणि त्यात जीन्सचा वाटा असतोच. पण न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात 1972-73 ला जन्मलेली हजारावर लेकरं संशोधकांनी लहानपणापासून मोठेपणापर्यंत पाहिली, आणि 2002 मध्ये त्यांनी मांडलं ते असं, एमएओए नावाचा जीन ज्या मुलांमध्ये मंद चालतो आणि ज्यांनी लहानपणी मार अन् हेळसांड सोसली त्यांच्यात हिंसा जास्त दिसली, तोच जीन असून जी नीट वाढली त्यांच्यात तसं काही ठळक दिसलं नाही. डेन्मार्कमध्ये तर 14 हजारांवर दत्तक मुलांचे रेकॉर्ड तपासले, 1984 ला ते छापून आलं. जन्मदात्याला शिक्षा झालेली असेल तर मूल चोरीमारीत सापडायचं प्रमाण वाढलेलं होतं, पण मारहाण-खुनासारख्या गुन्ह्यांत तसा संबंध निघाला नाही! म्हणजे आपण नेमकं ज्याच्यासाठी रक्ताला बोल लावतो तिथंच तो टिकत नाही.

आणि शिक्क्यानं काय होते ते पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, जाऊन पाहा. इंग्रजांनी 1871 ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, 1952 मध्ये तो कायदा गेला, पण चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी बेड्यावरच जाते.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे मार बंद, पूर्ण बंद, घरीही आणि शाळेतही. माझ्या वर्गात पाचवीला एक पोरगा होता, बाप धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) भांडणात कुऱ्हाड चालवून जेलात गेलेला, हा चुलत्याकडे राहायचा. एका लहान पोराला त्यानं तुराटीनं असं मारलं की डोळा थोडक्यात वाचला. मी त्याला जवळ बोलावलं, शर्टाची कॉलर उलटी वळली होती ती सरळ करायला नुसता हात वर केला, तर तो दोन्ही हातांनी डोकं झाकून खालीच बसला. एवढं मारकुटं पोरगं अन् असं थरथरत होतं. त्या दिवशी मी छडी कायमची ठेवून दिली. मोठा चिडला की हात उचलतो, हे तो रोज घरी शिकत होता, मी अजून तेच शिकवत होते.

दुसरं, शरीर तपासून घ्या. त्याच पोराला हाक मारली तर ओ द्यायचा नाही, सगळे म्हणायचे माजलाय. आरोग्य तपासणीचं पथक आलं तेव्हा कळलं की डावा कान वाहतो आणि त्या बाजूनं त्याला कमीच ऐकू येते. डोक्याला कधी जबर मार, फिट, अपुरी झोप, उपाशीपोटी शाळेत येणं, हे सगळं विचारा. मेंदूचा पुढचा भाग रागाला लगाम घालतो आणि तो पिकायला साधारण पंचविशी येते, म्हणून दहा वर्षांच्या लेकराकडून मोठ्याच्या आवराआवरीची अपेक्षा करू नका.

मग एक वही करा. पंधरा दिवस लिहा, कधी भडकला, त्याआधी काय झालं, जेवला होता का. आमच्या वहीत आठवडी बाजाराचा दुसरा दिवसच जास्त निघाला, बाजाराच्या रात्री चुलता पिऊन येई. तेव्हापासून त्या रात्री पोरगा आजीकडे झोपू लागला आणि अर्धी भांडणं तिथंच कमी झाली. पोराला सुधरवायच्या आधी घरातली दारू पाहा, एवढंच म्हणते.

भडकला असताना घेरू नका, भाषण देऊ नका, बाकीची लेकरं बाजूला काढा, आवाज खाली ठेवा, पाणी द्या. थंड झाल्यावर बोला आणि भरपाई करायला लावा, कारण ज्याला लागलं त्याच्या दुखण्याकडे कुणीतरी पाहायला पाहिजे ना. आमच्यावाल्यानं आठ दिवस त्या लहान पोराचं दप्तर वाहिलं, त्याच्या मायसमोर उभा राहून चूक कबूल केली. तिनं त्याला चहा दिला. मी कधी विसरणार नाही ते.

रोजचं एक काम आणि रोजचं एक माणूस, हेही लागतं. शाळेची घंटा त्याच्याकडे दिली, पोळ्याला आजीच्या बैलाची शिंगं त्यानंच रंगवली. बाप जेलात असेल तर बालसंगोपन योजनेचं जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा, पैसा आला की घरातलं चिडचिडं वातावरण थोडं निवते.

पण जनावरांना मुद्दाम छळणं, आगी लावणं, खिशात चाकू, मरायच्या-मारायच्या गोष्टी, असं दिसलं तर घरचे उपाय करत बसू नका अन् झाडफूक तर नकोच. जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरला दाखवा, 14416 वर टेली-मानसला, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, लेकरावरच अत्याचार होत असेल तर 1098 या लेकरांच्या हेल्पलाइनला. आणि त्याच्या भांडणाचा व्हिडिओ गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असेल तर ॲडमिनला सांगून आजच काढायला लावा.