नव्या धानाचं पॉलिश ब्रॉयलरच्या खाद्यात घालताना

दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे नवं धान राईस मिलमध्ये येऊ लागलं की पॉलिशची, म्हणजे तांदूळ पांढरा करताना निघणाऱ्या बारीक कोंड्याची, आवक वाढते. मका आणि सोयाबीन पेंडीच्या भावाने मेटाकुटीला आलेल्या ब्रॉयलरवाल्याने (मांसासाठी कोंबड्या पाळणाऱ्याने) ते जरूर घ्यावं. त्यात साधारण 12 टक्के प्रथिनं असतात, आणि तेलही जवळपास तेवढंच. थंडीत पक्ष्यांना अंग गरम ठेवायला ऊर्जा जास्त लागते, तेव्हा हे तेल कामी येतं.

पण त्या तेलामुळेच पॉलिश लवकर खवट होतं. तांदळावरचा थर निघाला की त्यातलं लायपेज हे विकर (एन्झाइम) तेल फोडायला लागतं. म्हणून जुना साठा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आठवड्याला पुरेल एवढंच ताजं आणा. जवळ उसना (उकडा) तांदूळ काढणारी मिल असेल तर तिथलं पॉलिश आधी बघा. धान वाफवताना हे विकर निकामी झालेलं असतं, त्यामुळे नासाडी त्या मानाने सावकाश होते.

पोतं उघडल्यावर वास घ्या, चिमूटभर जिभेवर ठेवा. कडवट लागलं तर परत करा. मूठभर पाण्यात टाकलं की तूस वर तरंगतं. ते जास्त दिसलं तर तुम्ही पॉलिशच्या भावाने भुसा घेताय. थोड्यावर व्हिनेगर टाकून फेस आला तर चुनखडीची भुकटी मिसळलेली आहे असं समजा.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. तयार फिनिशरमध्ये, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात, पॉलिश वरून मिसळू नका. 20 टक्के प्रथिनांच्या 90 किलो फिनिशरमध्ये 10 किलो पॉलिश घातलं की प्रथिनं 19.2 टक्क्यांवर येतात. शिवाय जीवनसत्त्वं आणि कॉक्सीचं (आतड्याच्या कॉक्सिडिओसिस रोगाचं) औषधही त्याच प्रमाणात पातळ होतं. वजन का भरत नाही म्हणून मग पिल्लांना दोष दिला जातो, याचं वाईट वाटतं. घरी खाद्य बनवत असाल तर मक्यातला हिस्सा काढून त्या जागी पॉलिश घाला. ऊर्जा मक्यापेक्षा थोडी कमी पडते, ती तेल घालून भरून काढा. प्री-स्टार्टरमध्ये (अगदी लहान पिल्लांच्या खाद्यात) अजिबात नको, स्टार्टरमध्ये (त्यानंतरच्या खाद्यात) 5 टक्क्यांपर्यंत, फिनिशरमध्ये 10 टक्क्यांपर्यंत. पॉलिशमधला बराचसा फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो, म्हणून तो मोकळा करणारं फायटेज हे विकर घाला. नुसता तुकडा तांदूळ मिळाला तर त्याची ऊर्जा मक्याच्या जवळपास असते, पण त्यात पिवळा रंग नसतो. पिवळ्या कातडीची मागणी असेल तिथे पूर्ण मका काढू नका.

करारावर पक्षी घेतले असतील तर कंपनीच्या खाद्यात काहीच मिसळू नका.

बदल चार-पाच दिवसांत हळूहळू करा. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पहाटेच्या दवाने शेडच्या कडेची पोती ओलावतात, ती रोज चाचपून बघा. दर आठवड्याला वीसेक पक्षी तोला. लिटर (शेडमधलं जमिनीवरचं अंथरूण) ओलं होऊ लागलं किंवा खाणं घटलं तर पॉलिश लगेच बंद करून आधीच्या खाद्यावर या.