जुनाट कंबरदुखीसाठी अधिक परिणामकारक औषध हवे असल्यास डॉक्टरांशी कसे बोलावे

कंबरदुखी तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली की तिला जुनाट म्हणतात. नेहमीच्या गोळीने भागेनासे झाले की डॉक्टरांकडे जाऊन ‘यापेक्षा जालीम काहीतरी द्या’ असे म्हणावेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र एवढ्या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती फारसे काही लागत नाही. दुखणे कोणत्या प्रकारचे आहे, आजवर काय घेतले, त्याचा किती उपयोग झाला आणि दुखण्यामुळे नेमके काय अडते, हे कळल्याशिवाय औषध बदलायचे म्हणजे अंदाजाने बदलणे होय.

म्हणून भेटीच्या आठ-दहा दिवस आधीपासून एक छोटी वही ठेवावी. तिच्यात पहिल्या पानावर सर्व औषधे लिहावीत: नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, आणि किती दिवस सलग. ‘ही गोळी मला लागूच पडत नाही’ असे सांगणाऱ्याने ती केवळ असह्य झाल्यावर, आठवड्यातून एखाद-दोनदा घेतलेली असते, असे पुष्कळदा आढळते. तेव्हा औषध निरुपयोगी ठरले की ते नीट घेतलेच गेले नाही, हे या पानावरून स्पष्ट होते. सर्दी-तापाच्या गोळ्या, झोपेची औषधे, रक्तदाबाची औषधे, लेप आणि काढे यांनाही यादीत जागा द्यावी, कारण एकच घटक दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांतून पोटात जाण्याचा धोका असतो. पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा निरोगी प्रौढासाठी दिवसाला 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या एवढी मानली जाते. यकृताचा विकार असलेल्यांसाठी, नियमित मद्यपान करणाऱ्यांसाठी आणि वजन फार कमी असलेल्यांसाठी ती याहून खाली येते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांसारखी एकाच गटातील दोन औषधे एकत्र घेतल्याने गुण फारसा वाढत नाही, जठरावरचा आणि मूत्रपिंडावरचा ताण मात्र वाढतो.

दुखणे शब्दांत मांडताना मराठी माणसाने संकोच करण्याचे कारण नाही, कारण आपल्या भाषेत दुखण्याच्या जितक्या छटा आहेत तितक्या दवाखान्यातल्या प्रश्नावलीच्या रकान्यांत मावणारही नाहीत. कंबर ठणकते, जड होते किंवा आखडते, हे एक. उठताना उसण भरते, हे दुसरे. आणि कमरेतून निघालेली चमक मांडीमागून पोटरीपर्यंत उतरते, पायाला मुंग्या येतात, आग होते किंवा बोटे बधिर होतात, हे तर निराळेच. शेवटच्या वर्णनावरून शीर दाबली गेल्याची शंका येते आणि मग औषधाचा विचारही वेगळ्या दिशेने होतो. म्हणून ‘खूप दुखते’ याऐवजी कुठे, कसे, कधी आणि काय केल्याने वाढते वा कमी होते, ते जसे घरी सांगतो तसेच सांगावे. शून्य ते दहा या मापावर आकडा विचारला जाईल. सरसकट ‘दहा’ म्हणण्याने आपलीच अडचण होते, कारण पुढच्या भेटीत सुधारणा झाली की नाही हे मोजायला काही उरत नाही. सकाळी चार, दुपारी सहा, रात्री कूस बदलताना आठ, असे सांगितले तर डोस कोणत्या वेळी द्यायचा हेही ठरवता येते.

आकड्यापेक्षाही महत्त्वाचे असते ते अडलेले काम. ‘पंधरा मिनिटांहून जास्त उभे राहता येत नाही’, ‘रात्री तीनदा जाग येते’, ‘मुलाला उचलून घेता येत नाही’ यांतील एकेक वाक्य डॉक्टरांना उपचाराचे उद्दिष्ट देते. जुनाट दुखण्यात वेदना शून्यावर आणण्याची अपेक्षा बहुधा पुरी होत नाही; ती साधारण तीस टक्क्यांनी उतरली तरी फरक अर्थपूर्ण मानला जातो.

आता ‘जालीम’ या शब्दाबद्दल. पायरी-पायरीने अधिक तीव्र औषधाकडे जाण्याची कल्पना जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी मांडली होती. कंबरदुखीला ती जशीच्या तशी लागू होत नाही. अमेरिकेत 240 रुग्णांवर वर्षभर चाललेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, जुनाट कंबरदुखी आणि गुडघा वा खुब्याच्या संधिवातासाठी अफूवर्गीय औषधे इतर वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत. दुष्परिणाम मात्र त्यांच्याच वाट्याला अधिक आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनीही विशिष्ट कारण न सापडणाऱ्या जुनाट कंबरदुखीसाठी ही औषधे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असे म्हटले आहे. त्यामुळे डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय औषध किंवा त्याहून तीव्र औषध देण्यास नकार दिला, तर आपल्या दुखण्यावर त्यांचा विश्वास नाही असा अर्थ काढू नये.

प्रत्यक्ष बोलताना विशिष्ट औषधाचे नाव पुढे करण्याऐवजी असे म्हणावे: ‘सहा आठवडे हे औषध या प्रमाणात नियमित घेतले, दुखणे सातवरून सहावर आले, पण अजून स्वयंपाकाला उभे राहता येत नाही. दुसऱ्या गटातले औषध किंवा दुसरा उपचार माझ्यासाठी योग्य ठरेल का?’ या प्रश्नातून ड्युलॉक्सेटिनसारखे (नैराश्यावरचे, पण जुनाट वेदनेसाठीही दिले जाणारे) औषध, आखून दिलेला व्यायाम, फिजिओथेरपी किंवा वेदनातज्ज्ञांकडे पाठवणे, असे मार्ग खुले होतात. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार, गर्भारपण, झोपेत श्वास अडखळणे, नैराश्य आणि स्वतःला वा कुटुंबात असलेले व्यसन या गोष्टी विचारण्याची वाट न पाहता सांगाव्यात. व्यसनाबद्दल बोलायला जड जाते हे खरे, पण नेमकी तीच माहिती दडवल्याने औषध घातक ठरू शकते.

तीव्र औषध दिलेच, तर चिठ्ठी हातात घेण्यापूर्वी ते किती दिवसांसाठी आहे, पुन्हा कधी दाखवायचे, काय साधले तर ते चालू ठेवायचे आणि बंद कसे करायचे, हे विचारून लिहून घ्यावे. अफूवर्गीय औषधांनी बद्धकोष्ठता होते आणि गुंगी येते, म्हणून वाहन चालवण्याबद्दल स्पष्ट विचारावे. मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत ती घेतल्यास श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. काही आठवडे घेतल्यावर ती आपल्या मनाने एकदम थांबवू नयेत, डोस हळूहळू उतरवावा लागतो. आणि आपली उरलेली गोळी शेजाऱ्याच्या कंबरेसाठी देऊ नये.

एका बाबतीत मात्र वही आणि ठरलेली भेट बाजूला ठेवावी. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पायांतली ताकद झपाट्याने कमी झाली, तर तत्काळ रुग्णालयात जावे. दाबल्या गेलेल्या शिरा वेळेत मोकळ्या झाल्या नाहीत तर नुकसान कायमचे होऊ शकते. ताप, कारण नसताना घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे असेल, तर अधिक तीव्र गोळीचा विषय नंतर काढावा आणि आधी तपासणी करून घ्यावी.