आरोग्य तंत्रज्ञानात मास्टर्स करायचंय? आधी कोर्सला हॉस्पिटल जोडलंय का ते बघा

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सुरू झालं की फर्मागुढीहून, म्हापशाहून कुणी ना कुणी ओळख काढत फोन करतंच. प्रश्न ठरलेला: “मॅडम, हेल्थकेअर टेक्नॉलॉजीत मास्टर्स करायचंय, कुठं करू?” मी गोव्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात आहे. व्हेंटिलेटरपासून ऑटोक्लेव्हपर्यंत जे बंद पडेल त्याचा कॉल मला येतो, त्यामुळं माझं उत्तर जरा एकांगी आहे हे आधीच सांगते. रँकिंग, प्लेसमेंटचे आकडे हे सगळं नंतर. पहिल्यांदा विचारा, या कोर्सची मुलं हॉस्पिटलात किती दिवस असतात? उत्तर ‘एक व्हिजिट असते’ असं आलं, तर तो कोर्स माझ्या यादीत तळाला.

कारण सांगते. मॉनिटरवर ईसीजीची रेघ जाड, केसाळ दिसतेय असा कॉल येतो. नुसतं पुस्तक वाचलेला मुलगा म्हणेल, ५० हर्ट्झचा मेन्सचा (विजेच्या लाईनचा) गोंगाट आहे, नॉच फिल्टर (तेवढीच वारंवारता कापणारा) लावा. उत्तर चूक नाही. पण वॉर्डात जाऊन बघावं तर एका इलेक्ट्रोडचं जेल सुकलेलं, पेशंटची छाती घामेजलेली आणि उशाशी कुणाच्या तरी मोबाईलचा चार्जर. सुकलेल्या इलेक्ट्रोडचा विरोध वाढतो, दोन इलेक्ट्रोडांत तफावत पडते, आणि दोन्हीकडून सारखाच आलेला म्हणून अॅम्प्लिफायरनं जो गोंगाट कापायचा, तोच सिग्नलचं सोंग घेऊन आत शिरतो. जागा पुसून कोरडी करायची, नवा इलेक्ट्रोड लावायचा, चार्जर काढायला सांगायचा. बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं. फिल्टरच्याच भरवशावर राहिलात तर पुढं गोम आहे. मॉनिटर मोडमध्ये यंत्र साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवतं, तर निदानाच्या ईसीजीला ०.०५ ते १५० हर्ट्झ लागतो. खालची मर्यादा वर सरकवली की एसटी सेगमेंटचा, म्हणजे ईसीजीच्या रेघेतल्या एका भागाचा, आकार बदलू शकतो, आणि हार्ट अटॅक ओळखताना डॉक्टर नेमका तोच बघतात. आपल्याकडं हार्ट अटॅकसाठीच्या स्टेमी प्रकल्पात गावातल्या आरोग्य केंद्रात काढलेला ईसीजी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या तज्ज्ञांपर्यंत पोचतो. तो ईसीजी कसा काढलाय यावर पुढचं सगळं अवलंबून. या गोष्टी वॉर्डात सिस्टरांच्या बाजूला उभं राहिल्यावरच डोक्यात बसतात.

या कसोटीवर मला देशात सगळ्यात आवडणारा कोर्स म्हणजे क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एम.टेक. तो आयआयटी मद्रास, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज (सीएमसी) आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाळ संस्था मिळून चालवतात. श्री चित्रा म्हणजे भारतीय बनावटीची हृदयाची झडप जिथं तयार झाली ती संस्था. ती झडप पहिल्यांदा पेशंटला बसवली १९९० साली. हॉस्पिटल आणि यंत्रं घडवणारी प्रयोगशाळा एकाच संस्थेत, असं आपल्याकडं फार कमी ठिकाणी सापडेल. घरच्यांना लांब वाटतं, पण मडगावला नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसलं की थेट तिरुवनंतपुरम.

मुंबईत आयआयटीच्या बायोसायन्सेस आणि बायोइंजिनिअरिंग विभागात बायोमेडिकलचा एम.टेक. आहे, आणि तिथल्याच बेटिक केंद्रात डॉक्टर आणि इंजिनिअर मिळून उपकरणं घडवतात. प्रॉडक्ट बनवायची खाज असेल तर तिकडं बघा. एमबीबीएस करून यंत्रांकडं वळायचं असेल तर आयआयटी खरगपूरचा एमएमएसटी (मास्टर इन मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजी) आहे. बी.फार्म.वाल्यांनी नायपर या राष्ट्रीय औषधनिर्माण संस्थेचा मेडिकल डिव्हायसेसचा कोर्स सोडू नये. फिजिक्सची एम.एस्सी. ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात करत असाल तर वेगळीच वाट: बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा. रेडिओथेरपी चालवायची तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार मेडिकल फिजिसिस्ट लागतोच. ही वाट आपल्या मुलांना कुणी सांगतच नाही.

हॉस्पिटल मॅनेजमेंटचं एमबीए हे मात्र निराळं प्रकरण. बिछाने, बिलिंग, माणसं सांभाळणं आवडत असेल तर जरूर करा, पण ते तंत्रज्ञान म्हणून गळ्यात मारून घेऊ नका. ‘एआय इन हेल्थकेअर’च्या ऑनलाइन सर्टिफिकेटांचंही तेच. नोकरीत असलेल्याला ती कामाची आहेत, मास्टर्सऐवजी नाहीत.

आता प्रवेश. २०२० पासून गेटमध्ये, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत, बायोमेडिकलचा वेगळा पेपर आहे, त्याचा कोड बीएम. तीन तास, १०० गुण, त्यातले १५ जनरल अॅप्टिट्यूडचे. गणित, सर्किट्स, सिग्नल्स, सेन्सर, शरीररचना, इमेजिंग, बायोमेकॅनिक्स, बायोमटेरियल्स असा पसारा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना निम्मा पेपर ओळखीचा वाटतो आणि शरीररचनेला घाम फुटतो. तिथं नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक आणून हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड आणि मज्जातंतू एवढं आधी पक्कं करा. बऱ्याच संस्थांत इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅनिकल वगैरे पेपरचा स्कोअरही चालतो, तेव्हा कुठला पेपर द्यायचा ते हव्या त्या संस्थांची माहितीपत्रकं वाचूनच ठरवा. गेटचे फॉर्म साधारण चवथीच्या दिवसांत निघतात आणि माटोळीच्या गडबडीत राहून जातात. परीक्षा फेब्रुवारीत. स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणून तिसऱ्या वर्षालाच एकदा देऊन बघायला हरकत नाही. आयआयटीच्या ऑफर कोॲप या पोर्टलवरून येतात, एनआयटीच्या सीसीएमटीवरून.

मुलाखतीसाठी माझा एकच हट्ट असतो: एक यंत्र निवडा आणि ते आतून-बाहेरून शिका. पल्स ऑक्सिमीटर घ्या, स्वस्त आहे, घरात असेलच. ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० च्या आसपासचा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून जातात. ऑक्सिजन घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन ते वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, आणि नाडीबरोबर बदलणारा भाग वेगळा काढून त्या गुणोत्तरावरून आकडा येतो. इथवर सगळेच सांगतात. नेलपॉलिशनं काय होतं, गार पडलेल्या बोटावर आकडा का उड्या मारतो, सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त का दिसू शकतो, कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत यंत्र ९८ दाखवत असलं तरी का गाफील राहायचं नाही, हे सांगता आलं की समोरचे सर खुर्चीत पुढं सरकतात.

प्रोजेक्टसाठी पेशंटचा डेटा हॉस्पिटलातून मागू नका, आणि वॉर्डात मॉनिटरचे फोटो तर मुळीच काढू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं सोडा, साध्या माणुसकीलाही ते धरून नाही. एमआयटी-बीआयएचचा अॅरिदमिया डेटाबेस (हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे ईसीजी) फिजिओनेट या साइटवर फुकट आहे. अर्ध्या अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग, सेकंदाला ३६० नमुने, आणि प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांची खूण. त्यावर क्यूआरएस, म्हणजे प्रत्येक ठोक्याचं उंच टोक, ओळखणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहा, आणि तो कुठं चुकतो ते दोन पानांत मांडा. माझ्या मते ती दोन पानं ‘९९ टक्के अचूकता’ छापलेल्या पोस्टरपेक्षा वजनदार.

हॉस्पिटलात पाय ठेवायचा असेल तर वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज करा. कॉलेजचं पत्र जोडा आणि ‘इंटर्नशिप हवी’ असं मोघम न लिहिता ‘बायोमेडिकल विभागात प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स आणि कॅलिब्रेशनच्या वेळी हजर राहायची परवानगी हवी’ असं लिहा. आत गेल्यावर एएमसी-सीएमसीच्या, म्हणजे यंत्रांच्या देखभाल करारांच्या, फायली चाळा. कुठलं यंत्र वर्षात किती वेळा पडलं आणि पार्ट यायला किती दिवस गेले, हे त्यातच असतं. पावसाळ्यात जमलं तर उत्तम: कनेक्टरवर चढलेला हिरवा थर आणि मायक्रोस्कोपच्या भिंगावरची बुरशी बघितली की प्रबंधाला विषय सापडतो.

वेर्ण्याकडंही नजर ठेवा. क्षयरोगाच्या तपासणीचं ट्रूनॅट बनवणारी मोलबायो तिथलीच. अशा कंपन्यांत क्वालिटी आणि रेग्युलेटरीच्या लोकांना मागणी असते, म्हणून २०१७ चे मेडिकल डिव्हायसेस रूल्स एकदा वाचून काढा. ए ते डी अशा चार वर्गांत जोखमीप्रमाणे उपकरणं विभागली आहेत आणि हृदयाची झडप डीमध्ये येते. आयएसओ १३४८५ (गुणवत्ता व्यवस्थापन) आणि १४९७१ (जोखीम व्यवस्थापन) हे उपकरणांच्या मानकांचे दोन आकडे तोंडपाठ असू द्यात. विषय रुक्ष आहे, मान्य, पण गोव्यात परत यायचं असेल तर पोट याच्यावर भरतं.

पैशांचं थोडक्यात. गेटवरून एम.टेक.ला गेलात तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. त्यात मेस सुटते, चैन नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे, आणि गुणवत्तेवर मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आहे. अशा योजनांना रहिवासी दाखला लागतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत मामलेदार कचेरीत त्याच्यासाठी रांग असते. म्हणून गेटचा निकाल लागायच्या आधीच, फेब्रुवारीत परीक्षा झाली की लगेच, त्याचा अर्ज टाकून मोकळे व्हा. मार्कशीटच्या साक्षांकित प्रतीही तेव्हाच काढून ठेवा.